ओटा, अंगण, गच्ची, बाल्कनी: बाहेरच्या बैठकीचं सामान घेण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आणि आसपासच्या गावांत मी घरांच्या अंगणांची आणि गच्च्यांची कामं करते. फोनवर, साइटवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं आपल्या हवेला धरून आहेत. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटसाठी ती जशीच्या तशी लागू पडतील असं नाही.

सुरुवात कुठून करायची? आधी काय घ्यायचं?

आठ दिवस काहीच घेऊ नका. घरातली एक साधी खुर्ची बाहेर नेऊन ठेवा आणि सकाळी सातला, दुपारी चारला, रात्री जेवणानंतर, अशा तीन वेळा तिथे दहा-दहा मिनिटं बसा. ऊन कुठून येतं, वारा कुठून लागतो, रस्त्यावरून किती दिसतं, शेजारच्यांच्या मोरीचा वास येतो का, हे खुर्चीत बसल्यावरच कळतं. मग घरातलं कोण, कोणत्या वेळी, काय करायला बाहेर बसणार आहे, ते कागदावर लिहा. 'सकाळी बाबा पेपर वाचणार, संध्याकाळी आई भाजी निवडणार, रात्री आम्ही दोघं' इतकं साधं लिहिलं तरी निम्मी खरेदी ठरून जाते.

शाहूपुरीतल्या एका बंगल्यात हे मला पक्कं समजलं. पुढच्या अंगणात सोफा, काचेचं टीपॉय, मागे बांबूचा पडदा असं सगळं मांडून दिलं. महिन्याभराने सहज डोकावले तर आजी मागच्या दारच्या दुसऱ्या पायरीवर बसून शेंगा फोडत होत्या. मांडीवर सूप, पाठीला दाराची चौकट. पुढे का बसत नाही विचारलं तर म्हणाल्या, "तिथं चारला तोंडावर ऊन येतं गं, आणि सोफ्यात बसलं की उठता येत नाही." दोन्ही गोष्टी मी आधीच विचारायला हव्या होत्या. मग मागच्या दाराशी कडाप्प्याची एक लांब बैठक केली, हाताला धरायला एक दांडी आणि सूप ठेवायला कोनाडा. त्या घरात सगळ्यात जास्त वापरली जाते ती हीच जागा.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी सावली, मग बैठक, मग उजेड, मग झाडं. शोभेच्या वस्तू सगळ्यांत शेवटी. माणूस जिथे रोज अर्धा तास बसतो, ती जागा आपोआप नीटनेटकी राहते आणि छान दिसायला लागते.

साताऱ्यात चालतं ते महाबळेश्वरला किंवा दहिवडीला चालेल का?

बऱ्याचदा नाही. आपला जिल्हा एक असला तरी हवा एक नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर दहिवडीकडे, माण तालुक्यात, पाचशेच्या आसपास. पश्चिमेला शत्रू पाऊस आणि बुरशी, पूर्वेला ऊन आणि धूळ. पाचगणी-महाबळेश्वरला कापडाच्या गाद्या चार महिने बाहेर ठेवायचा विचारच करू नका. तिथे दगड, ॲल्युमिनियम, पावडर कोटिंग केलेलं लोखंड हेच टिकतं. माण-खटावात, फलटणला लाकूड पावसाने कुजणार नाही, पण उन्हाने तडकेल आणि प्लास्टिक दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होईल. सातारा शहर मधोमध आहे: पाऊस बऱ्यापैकी, ऊन बऱ्यापैकी आणि वारा भरपूर. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत.

आपल्याकडे समुद्राची खारी हवा नाही, हा मोठा फायदा. रेलिंगसाठी किंवा खुर्च्यांसाठी 304 ग्रेडचं स्टील पुरतं. कोकणात लागतं ते महागडं 316 घ्यायची गरज नाही.

सावलीसाठी काय चांगलं? मोठी छत्री, शेडनेट, पत्रा, की वेल?

सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया गेलेला मी पाहते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी सूर्य समजून घ्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी तो साताऱ्यात अगदी डोक्यावर असतो. तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे झुकलेला असतो आणि हिवाळ्यात चांगलाच दक्षिणेकडे जातो. त्यामुळे दक्षिणेच्या ओसरीत थंडीत छान कोवळं ऊन आत येतं. ते अडवू नका, डिसेंबरात त्यासारखं सुख नाही. खरा त्रास पश्चिमेचा. दुपारी तीन ते सहा ऊन तिरपं येतं, वरच्या छपराला ते जुमानत नाही. पश्चिमेला आडवं छप्पर वाढवण्यापेक्षा उभा आडोसा लागतो: बांबूची चीक (गुंडाळता येणारा पडदा), जाळी, नाहीतर वेल.

मोठी छत्री दिसायला सुरेख, पण गच्चीवर मी ती सुचवत नाही. हे माझ्याच घरी घडलेलं आहे. पहिल्या वर्षी मी नऊ फुटी छत्री आणली, खाली पंचवीस किलोचा ठोकळा. एप्रिलअखेरीस वळीव आला. छत्री मिटलेली नव्हती. पहिल्याच झोतात ठोकळा कलंडला, छत्री कठड्यावरून गेली आणि शेजारच्यांच्या पत्र्यावर जाऊन पडली. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. तेव्हापासून गच्चीवर मी छत्री लावत नाही. अंगणात लावायची असेल तर नळी काँक्रीटमध्ये पुरून घ्या आणि उठताना छत्री मिटायची सवय घराला लावा.

शेडनेट स्वस्त आणि मस्त. वारा आरपार जात असल्याने ते उडत नाही, फक्त कडेला पक्की तार ओढून घट्ट ताणलेलं हवं. सैल बांधलेलं नेट फडफडून कडेनेच फाटतं. झाडांसाठी 50 टक्क्यांचं आणि बसायच्या जागेसाठी 75 टक्क्यांचं घ्या. 90 टक्क्यांच्या नेटखाली अंधारून येतं. हिरव्या नेटखाली माणसांचे चेहरे हिरवट दिसतात, म्हणून बैठकीवर पांढरं किंवा मातकट रंगाचं घ्या. नेटमधून पाऊस गळतो, हे मात्र लक्षात ठेवा.

पाऊसही अडवायचा असेल तर पॉलिकार्बोनेटचे पत्रे आहेत. त्यांची अतिनील किरणांचं कोटिंग असलेली बाजू वर यायला हवी. पत्र्यावरच्या कागदावर तसं छापलेलं असतं, पण घाईत कारागीर तो कागद आधीच ओढून टाकतात आणि पत्रा उलटा बसतो. मग दोन-तीन वर्षांत तो पिवळा पडतो. बसवताना स्वतः उभे राहा. अगदी पारदर्शक पत्रा घेऊ नका, खाली भट्टी होते. दुधी घ्या.

आणि वेल. मधुमालती, जाई, कृष्णकमळ. मांडवावर वेल चढायला दीड-दोन वर्षं जातात, पण तिच्याखालचा गारवा कुठल्याच पत्र्याखाली मिळत नाही, कारण पानं स्वतः तापत नाहीत, सतत पाणी उडवत राहतात. माझा आवडता उपाय हाच: पहिली दोन वर्षं शेडनेट, त्याच सांगाड्यावर शेजारून वेल. वेल भरली की नेट काढून टाका.

बसायला कोणतं फर्निचर घ्यावं?

आधी बांधीव बैठकीचा विचार करा. आपल्या जुन्या घरांना ओटा होता तो काही उगाच नव्हता. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात गेलात तर चौकाकडेच्या ओसरीवर थोडं टेकून बघा. पाय खाली, पाठ भिंतीला, डोक्यावर सावली, समोर उघडं आकाश. तीच मांडणी दहा बाय आठच्या अंगणातही जमते. ओट्याची उंची 16 ते 18 इंच ठेवा. गुडघे दुखणारी माणसं घरात असतील तर 18 ते 19, आणि बाजूला हाताचा आधार. फार खोल ठेवू नका, 20 इंच पुरे. खोल बैठकीत पाठ टेकली की पाय लोंबकळतात.

वरचा दगड कोणता? कडाप्पा काळाशार सुंदर दिसतो, पण दुपारी उन्हात त्यावर टेकवत नाही. तो सावलीतच घाला. उघड्यावर शहाबादी बरी, तीही रफ ठेवा. गुळगुळीत पॉलिश केलेला कुठलाही दगड ओला झाला की पाय सटकतो.

सुटं फर्निचर हवंच असेल तर लोखंडी घडीव खुर्च्या वर्षानुवर्षं टिकतात, मात्र पायाला रबरी बूच हवंच. ते नसलं की पहिल्या पावसात फरशीवर गंजाचं तांबडं कडं उठतं आणि ते दगडात इतकं मुरतं की घासून जात नाही. साधा रंग मारलेल्या लोखंडाला दर वर्षी रेड ऑक्साइडचा हात लागतो, पावडर कोटिंगला तितकं लागत नाही. ॲल्युमिनियम हलकं आणि न गंजणारं, पण वाऱ्याच्या गच्चीवर तेच हलकेपण आडवं येतं.

वेताच्या खुर्च्या बाहेर ठेवू नका. खरा वेत छपराखालचाच. बाजारात 'आउटडोअर वेत' म्हणून मिळतो तो प्लास्टिकचा विणलेला असतो. त्यातला एचडीपीईचा चांगला. पीव्हीसीचा उन्हात तडकतो. विकत घेताना एक पट्टी नखाने दाबून बघा आणि आतला सांगाडा लोखंडाचा आहे की ॲल्युमिनियमचा, ते चुंबक लावून पाहा.

सागवान उत्तम. वर्षातून एकदा जवसाचं तेल द्या, किंवा देऊ नका आणि त्याला रुपेरी राखाडी होऊ द्या. तोही रंग मला फार आवडतो. बाभळीचं लाकूडही चिवट असतं. गावाकडच्या सुताराकडे बैलगाडीचं जुनं लाकूड मिळालं तर त्याचा बाक करून घ्या.

बांबूचं काम किती टिकतं?

कच्च्या बांबूला भुंगा लागतो. खाली पिवळी बारीक भुकटी पडायला लागली की समजा. बोरिक-बोरॅक्सच्या द्रावणात मुरवलेला बांबू घ्या आणि तो मातीला टेकू देऊ नका. चिका, टोपल्या, दिव्यांच्या शेड हे सगळं आपल्या बुरुडांकडून करून घ्या. मापाप्रमाणे करून देतात, आणि तुटलं की दुरुस्तही करून देतात. ऑनलाइन घेतलेल्या चिकेचा दोर तुटला तर ती टाकूनच द्यावी लागते.

झोपाळा लावायचा आहे. काय काळजी घ्यावी?

झोपाळ्याला जागा काढता येत असेल तर जरूर लावा. बाहेरच्या जागेत माणसांना ओढून आणणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

पण कड्या स्लॅबमध्ये कशाही ठोकू नका. घर बांधताय तर स्लॅब भरण्याआधीच सळईला कड्या गुंतवून घ्या आणि कुठे येतील ते इंजिनिअरला सांगा. घर झालेलं असेल तर तुळईत आरपार भोक पाडून वरून पाटी आणि बोल्ट घालता येतो का, ते बघायला सांगा. दोन मोठी माणसं बसली की दीडशे किलो, आणि हलत्या झोपाळ्याचा हिसका त्याहून जास्त. प्लास्टरमध्ये अडकवलेला हुक ते पेलत नाही. मला काम देणाऱ्या एका घरी आधीच्या कारागिराने पोकळ विटेत फास्टनर मारलेला निघाला. मुलं त्यावर रोज उभी राहून झोके घेत होती.

पाट जमिनीपासून 17-18 इंच, पुढेमागे तीन-तीन फूट मोकळे. भिंतीला टेकणारा झोपाळा कुणी वापरत नाही. पितळी कड्या सुंदर वाजतात, पण लहान मुलांची बोटं साखळीत चिमटतात. घरात छोटं बाळ असेल तर हात लागतील तिथवर साखळीवर जाड सुती नळी चढवा. बाळ मोठं झालं की काढता येते.

गाद्या-उशा बाहेर ठेवाव्यात का?

कापसाच्या अजिबात नको. ओल धरतात, वास मारतो. बाहेर ठेवायच्या गादीला झटपट सुकणारा फोम आणि वर असं कापड हवं, ज्याचा रंग धाग्यातच असतो. छापील कापड एका उन्हाळ्यात विटतं, त्यात लाल आणि जांभळा सगळ्यात आधी. खोळीला चेन असावी आणि चेन खालच्या बाजूला असावी.

एक सांगते, पटतं का बघा. ओट्यावर माणदेशी घोंगडं किंवा जेन (लोकरीचं जाड अंथरूण) टाका. काळ्या-पांढऱ्या लोकरीच्या पट्ट्यांचं घोंगडं कडाप्प्यावर घडी करून टाकलं की दुसरी कसलीच सजावट लागत नाही. थंडीत ऊब देतं, बसायला टणक नाही, झटकलं की धूळ जाते. फक्त रात्री आत आणा आणि पावसाळ्यात कडुलिंबाचा पाला घालून ठेवा, नाहीतर कसर लागते. आपल्या मेंढरांच्या लोकरीचं, आपल्याच माणसांनी विणलेलं सामान असताना पॉलिस्टरची नक्षी कशाला आणायची, हे मी प्रत्येक घरी विचारते.

दिवे कसे निवडावेत?

पिवळसर घ्या. डब्यावर 2700 ते 3000 केल्विन लिहिलेलं असतं. पांढऱ्या-निळसर उजेडाकडे किडे जास्त येतात, आणि त्यात अंगण पेट्रोल पंपासारखं दिसतं. एक मोठा फोकस लावण्यापेक्षा तीन-चार लहान दिवे खाली, गुडघ्याच्या उंचीवर लावा. पायरीवर एक, झाडाखाली एक, बैठकीमागे एक. डोळ्यांवर उजेड नको, पायाखाली हवा.

उघड्यावरच्या दिव्यावर आयपी 65 असं लिहिलेलं बघा, म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो. छपराखाली आयपी 44 चालतं. बाहेरच्या वायरिंगला अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. ओल्या हाताने, अनवाणी आपण तिथे वावरत असतो. यात पैसे वाचवू नका.

सोलर दिवे ऑक्टोबर ते मे उत्तम चालतात. आषाढ-श्रावणात आभाळच उघडत नाही, तेव्हा त्यांच्या भरवशावर राहू नका. आणि तुळशीपाशी दिवा लावायचा कोनाडा आधीच ठेवा. वारा लागणार नाही अशा बाजूने उघडा.

संध्याकाळी डास बसू देत नाहीत.

सामान घेण्याआधी कुंड्यांखालच्या थाळ्या उचलून बघा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस थाळ्या, पक्ष्यांचं भांडं, कूलर, उपडी न ठेवलेली बादली, सगळं कोरडं करायचं. पाण्याचं घंगाळ किंवा कमळाची कुंडी असेल तर त्यात गप्पी मासे सोडा.

बैठकीशेजारी एक साधा पंखा लावा. डास अशक्त उडणारा किडा आहे, वाऱ्यात त्याला टिकता येत नाही. पंखा पायांकडे वळवा, कारण डास पायांनाच जास्त चावतो. कडुलिंबाचा धूरही चालतो, पण दम्याचा त्रास असणारं माणूस घरात असेल तर नको.

कुंड्या मातीच्या घ्याव्यात, सिमेंटच्या की प्लास्टिकच्या?

अंगणात मातीच्या. त्या श्वास घेतात, मुळं गार राहतात. उन्हाळ्यात दोन वेळा पाणी लागतं, ही त्यांची अडचण. गच्चीवर उत्तर बदलतं, कारण तिथे वजनाचा प्रश्न येतो.

हे नीट वाचा. चढता-उतरता येणारी गच्ची आपल्या भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला साधारण 150 किलो वाढीव भार धरून बांधलेली असते. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या पुढे जाते. म्हणजे गच्चीभर नुसता चार इंच मातीचा थर पसरला तरी ती मर्यादा संपली, अजून माणसं आणि खुर्च्या यायच्याच आहेत. 12 इंची मातीची कुंडी पाणी घातल्यावर पंचवीस किलोच्या आसपास भरते. अर्धा कापलेला ड्रम दीडशे किलोच्या पुढे. मोठ्या कुंड्या गच्चीच्या मधोमध नाही, खालून भिंत किंवा तुळई जाते तिथे, कडेने ठेवा. जुन्या घराच्या गच्चीवर काही मोठं करायचं असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा.

माती हलकी करा: एक भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट. वरून उसाचं पाचट चार बोटं पसरा. आपल्याकडे पाचटाला तोटा नाही, शेतात ते जाळून टाकतात. कुंडीत ते घातलं की मे महिन्यात पाणी निम्म्यावर येतं आणि कुजून खत होतं. मी स्वतः दर जानेवारीत कारखान्याकडच्या रस्त्याला ऊसतोड चाललेली दिसली की फडाच्या मालकाला विचारून दोन पोती भरून आणते.

कुंडी थेट फरशीवर नको. खाली तीन विटा किंवा लोखंडी स्टँड, म्हणजे पाणी वाहून जातं आणि स्लॅबला ओल लागत नाही. आणि कठड्यावर कुंडी कधीही ठेवू नका. कितीही सुंदर दिसली तरी.

झाडं कोणती लावू?

जी घरात रोज लागतात. तुळस, कढीपत्ता, गवती चहा, कोरफड. वासाला मोगरा आणि रातराणी, पण रातराणी झोपायच्या खिडकीपासून लांब, वास उग्र असतो. रंगाला जास्वंद आणि सदाफुली. कासच्या पठारावरून काहीही उपटून आणू नका. पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत 2012 पासून ते पठार आहे, आणि कातळावरच्या त्या पातळ मातीत, त्या धुक्यात वाढणारी फुलं कुंडीत जगतही नाहीत.

अंगणात कृत्रिम हिरवळ टाकावी का?

मी टाकत नाही. उन्हात ती इतकी तापते की अनवाणी चालवत नाही, खाली पाणी साठलं तर वास येतो, आणि तीन-चार वर्षांनी तो प्लास्टिकचा ढीग कुठे टाकायचा? शहाबादीच्या दोन फरश्यांमध्ये दोन बोटं फट ठेवून त्यात हरळी वाढू द्या. हिरवं दिसतं, पाणी जमिनीत मुरतं.

वाळवण, कपडे, स्कूटर हे सगळं बाहेरच असतं. मग स्टायलिश कसं दिसणार?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मासिकांतल्या फोटोंत कुणाच्याच गच्चीवर कुरडया नसतात. आपल्या असतात, आणि असायला हव्यात. एप्रिलमध्ये गच्चीचा सगळ्यात जास्त उन्हाचा भाग वाळवणासाठी मोकळा राहिला पाहिजे. तिथे कुंड्या मांडून टाकल्या की आई नाराज होते, आणि तिचं बरोबर असतं. म्हणून गच्चीच्या आराखड्यात मी पहिली चौकट वाळवणाची काढते, साधारण एका खाटेएवढी, आणि तिच्या चारी कोपऱ्यांत भिंतीला कड्या बसवते. साडी बांधली की कावळ्यांपासून आडोसा होतो, काम झालं की साडी काढली, कड्या दिसतही नाहीत.

कपड्यांसाठी भिंतीत मिटणारी दोरी मिळते, किंवा कप्पीवर वर ओढायचा स्टँड. पाहुणे आले की वर ओढा. पावसाळी चपला, छत्र्या, रेनकोट यांना दाराशी जाळीदार तळाचा उभा खोका करा. खाली पाणी गळून जायला वाट, वर झाकण, झाकणावर बसून बूट घालता येतो. एका वस्तूची दोन कामं झाली की गर्दी कमी होते.

दिवाळीत मुलांना किल्ला करायला अंगणाचा एक कोपरा मातीचा राहू द्या. सगळीकडे फरशी केलेल्या घरांतली मुलं शेजाऱ्यांच्या अंगणात किल्ला करताना मी पाहिली आहेत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहून आपल्या दारात किल्ला नाही, हे बरं नव्हे. उरलेलं वर्षभर त्या कोपऱ्यात अळू लावा.

माझी बाल्कनी चार बाय आठची आहे.

भरपूर झाली. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवू नका, एका रांगेत बाहेर तोंड करून ठेवा. रेलिंगला अडकवायचा मिटणारा फळा घ्या, चहाचे दोन कप आणि पोह्यांची बशी त्यावर राहते. कुंड्या भिंतीवर चढवा, जमीन मोकळी ठेवा. वॉशिंग मशीन तिथेच असेल तर त्यावर लाकडी फळी टाकून हिशेबात धरा. रेलिंगच्या आतल्या बाजूलाच सगळं अडकवा आणि लहान मूल असेल तर चढून जाता येईल असं स्टूल किंवा खोका रेलिंगपाशी ठेवू नका.

माकडं येतात.

वाई, पाचगणी, महाबळेश्वर, सज्जनगडाच्या बाजूचे सगळे विचारतात. काचेचं, मातीचं आणि लटकणारं काही ठेवू नका. फळझाडं बैठकीपासून लांब लावा. बैठक दगडी करा, गाद्या रोज आत. माकडांना कधीही खायला घालू नका, नाहीतर ती रोज येतात.

रंग कोणते ठेवावेत?

फरशी, भिंत, बैठक मातीच्या आणि दगडाच्या रंगांत. मग एकच भडक रंग, तोही बदलता येईल अशा वस्तूत: उशीची खोळ, पितळी घंगाळ, निळा माठ. पूर्ण पांढरं काही नको. आपली तांबडी धूळ आठ दिवसांत दिसायला लागते.

पैसे कमी आहेत. एकदम सगळं करायलाच हवं का?

नको. पहिल्या वर्षी फक्त सावली आणि एक चांगली बैठक. घरातलं आधी बाहेर काढा: आजोळचं तांब्याचं घंगाळ, फुटका रांजण, जुन्या दाराची फळी, पाटा-वरवंटा. रांजणात माती भरून मोगरा लावला की दुकानातली कुठलीच कुंडी त्याच्यापुढे टिकत नाही. जुन्या शिवणयंत्राच्या लोखंडी पायांवर शहाबादीचा तुकडा टाकला की टेबल तयार. भंगारवाल्याकडे चक्कर मारा, सुताराशी बोला. तयार सेट मात्र हप्त्यावर घेऊ नका. त्यातल्या चार खुर्च्यांपैकी दोन कायम रिकाम्या राहतात आणि हप्ते चौघींचे जातात.

पावसाळ्याआधी आणि नंतर काय करायचं?

मेच्या शेवटच्या आठवड्यात गच्चीचे पाइप साफ करा. वाळकी पानं आणि कोकोपीट मिळून ते तुंबतात आणि गच्चीवर तळं होतं. शेडनेटच्या गाठी तपासा, चिका गुंडाळून बांधा, लोखंडाला रंगाचा हात द्या, लाकडी सामान भिंतीपासून चार बोटं लांब सरकवा. प्लास्टिकच्या कागदात काहीही घट्ट गुंडाळून ठेवू नका, आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. सुती चादर टाका.

गणपती गेले की सगळं एकदा बाहेर काढून उन्हात ठेवा, शेवाळ धरलेली फरशी काथ्याच्या ब्रशने घासा, झोपाळ्याच्या कड्यांना तेल द्या. नवरात्रात घोंगडं पेटीतून काढा. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवायचं असेल तर शेगडीसाठी वारा न लागणारा एक कोपरा आत्ताच बघून ठेवा. ऑक्टोबरात सूर्य मावळला की गार वारा सुटतो आणि शेगडी विझते.